न दुखणारी गाठ

दाढ ठणकू लागली म्हणजे मनुष्य रात्रभर येरझाऱ्या घालतो आणि पहाटेच्या पहिल्या बसने तालुक्याचे गाव गाठतो. पायात काटा मोडला तर हातातले काम टाकून बांधावर बसतो व तो निघेपर्यंत उठत नाही. परंतु गालाच्या आत पांढरा चट्टा उमटला, अथवा छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली, तर तोच मनुष्य सहा महिने, वर्षभर स्वस्थ बसून राहतो. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: "दुखत नाही." कर्करोगाविषयी आपल्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांना जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा ह्या दोन शब्दांत आहे. हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही; आणि ज्या वेळी तो दुखू लागतो, त्या वेळी बरे होण्याची पुष्कळशी संधी निसटून गेलेली असते.

असे का व्हावे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपले शरीर अगणित सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, आणि किती वाढावे व केव्हा थांबावे ह्याची आज्ञा प्रत्येक पेशीच्या पोटातच असते. तंबाखूतील विषाने, काही विषाणूंमुळे, वाढत्या वयामुळे, क्वचित आनुवंशिक दोषामुळे, तर कधी कोणतेही कारण हाती न लागता ही आज्ञा बिघडते. मग ती पेशी थांबत नाही. एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढ चालू राहते. गळू दुखते, कारण तेथे शरीर बाहेरून आलेल्या जंतूंशी झगडत असते. ही गाठ मात्र शरीराच्याच पेशींची; तेथे झगडा नाही, म्हणून ठणकाही नाही. पुढे ती मज्जातंतूंवर दाबू लागली, हाडात उतरली किंवा फुटून चिघळली म्हणजे वेदना सुरू होतात. तोवर तिच्यातील काही पेशी काखेतील वा मानेतील लसिकाग्रंथींत, आणि रक्ताच्या वाटेने फुप्फुस, यकृत, हाडे येथे जाऊन बसल्या असण्याचा संभव असतो. गाठ एका जागी आहे तोवर शस्त्रवैद्य ती समूळ काढू शकतो. ती चहूकडे विखुरल्यावर त्याने सुरी कोठे कोठे चालवावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केलेल्या अंदाजानुसार २०२२ ह्या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने मृत्यू पावले. त्या १४ लाखांत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार, ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार, आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार रुग्ण होते. ह्या तिहींकडे नीट पाहावे. त्यांतले एकही पोटाच्या खोल कप्प्यात दडून बसणारे नाही. तोंड आरशात दिसते, स्तन हाताला लागतो, आणि गर्भाशयाचे मुख शिकलेली परिचारिका साध्या दिव्याच्या उजेडात पाहू शकते. जो रोग डोळ्यांसमोर वाढतो त्याने इतकी माणसे न्यावीत, ह्याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

प्रथम तोंडाचे पाहू, कारण आमच्या सीमाभागात त्याची मुळे फार खोल गेलेली आहेत. निपाणीच्या परिसरात तंबाखू हे पिढ्यान् पिढ्यांचे पीक. ज्या घरात तंबाखूवर मुलांची शिक्षणे झाली, तेथे तिच्याविरुद्ध बोलणे सोपे नाही, हे मी जाणतो. पुरुष चुना मळून ती ओठाखाली धरतात. बायका मशेरी भाजून दात घासतात, आणि एकदा घासून भागत नाही म्हणून दिवसातून चार वेळा घासतात. गोव्याच्या खेड्यांत काही बायका धुमटी ओढीत, आणि तीही जळते टोक तोंडात धरून. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याची हीच रीत आढळली. ह्या उलट्या धूम्रपानाने टाळूवर चट्टे व कर्करोग होतात, हे गेल्या शतकातच तेथे झालेल्या पाहण्यांत दिसून आले. तरुण मुलांच्या खिशात आता गुटखा व सुगंधी सुपारीच्या पुड्या असतात. "मी तंबाखू घेत नाही, नुसती सुपारी खातो," असे सांगून पुष्कळजण समाधान मानतात. परंतु नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय वर सांगितलेल्या संस्थेने २००४ सालीच दिला आहे.

तोंडातील पहिली खूण बहुधा चट्ट्याची असते. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली किंवा हिरडीवर पांढरा चट्टा दिसतो व तो पुसून जात नाही. लाल, मखमलीसारखा चट्टा असेल तर तो अधिक भयंकर समजावा. दुसरी खूण न भरणाऱ्या व्रणाची. आपल्याकडे तोंडात काहीही झाले की "उष्णतेने तोंड आले" असे म्हणून गुलकंद, तूप आणि दुकानातील पिवळ्या गोळ्या सुरू होतात. तोंड येणे खरोखरीचे असेल तर ते आठदहा दिवसांत जाते, आणि ते चांगले झोंबतेही. जो व्रण दोन, फार तर तीन आठवड्यांत भरून आला नाही, तो उष्णतेचा नव्हे असे समजून चालावे. कोणी म्हणतो, दात घासतो आहे म्हणून जखम झाली. असेल, तर तो दात घासून वा काढून घ्यावा, आणि त्यानंतरही पंधरा दिवसांत जखम भरली नाही तर डॉक्टर गाठावा. ह्याशिवाय कारणाविना हलू लागलेला दात, ओठ वा हनुवटी बधिर होणे, गिळताना अडकणे, कानाशी ठणका, मानेत टणक गाठ, ह्याही खुणाच होत.

सुपारी खाणाऱ्यांसाठी आणखी एक परीक्षा आहे. आपली तीन बोटे, तर्जनी, मधले बोट व अनामिका, उभी जुळवून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. निरोगी मनुष्याच्या तोंडात ती सहज मावतात. ज्याच्या तोंडात दोनच मावतात, ज्याला तिखट मुळीच सोसत नाही, गालाची आतली कातडी ज्याला ताठ दोरीसारखी लागते, त्याच्या तोंडातील मऊ त्वचा सुपारीने आक्रसू लागली आहे. हा अद्याप कर्करोग नव्हे. परंतु त्याची वाट येथून जाते, आणि सुपारी त्याच दिवशी सुटली पाहिजे.

महिन्यातून एकदा सकाळच्या उजेडात, खळखळून चूळ भरून, आरसा घेऊन दाराशी उभे राहावे. गाल बाहेर ओढून दोन्ही बाजू, जीभ उचलून खालची जागा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा व मग टाळू पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून सुमारे १ लाख ९२ हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. प्रयोगातील निम्म्या भागात शिकविलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन दर तीन वर्षांनी लोकांची तोंडे पाहत व संशय आला तर डॉक्टरांकडे धाडीत. २००५ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्या भागात ३४ टक्क्यांनी कमी झाले. तेथे कोणतेही नवलाचे यंत्र नव्हते. होता तो उजेड, आणि काय पाहावे हे ठाऊक असलेली दोन डोळ्यांची माणसे.

स्तनाच्या गाठीविषयी लिहिताना शब्द स्पष्ट वापरणे मला भाग आहे. आमच्या बायका "छातीत गाठ आहे" असेही म्हणत नाहीत. "इथे काहीतरी आहे" असे म्हणून पदर सावरतात. डॉक्टर बिचारा खोकल्याचे औषध देऊन मोकळा होतो. आमच्या भागातील एका गृहिणीची हकीकत सांगतो. अंघोळ करताना तिच्या हाताला बोराएवढी गाठ लागली. नवऱ्याला सांगावे तर ऊस तोडणीला आलेला. सासूला सांगावे तर ती चारचौघींत बोलेल. नंतर मुलीचे लग्न निघाले. मग कोणीतरी एक वैदू सुचविला व त्याचा लेप तीन महिने झाला. गाठ लिंबाएवढी झाली, कातडी ओढली गेली, काखेत दुसरी गाठ आली, तेव्हा थोरल्या जावेने तिला जवळजवळ ओढून दवाखान्यात नेले. "फादर, दुखत असतं तर मी थांबले असते का?" असे ती मला म्हणाली. ह्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. तिच्यावर आधी औषधे, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार असा वर्षभराचा उपचार झाला. बोराएवढी असताना ती गेली असती तर स्तन राखूनही केवळ गाठ काढता येण्याचा पुष्कळ संभव होता.

दुसरी एक गोष्ट लगेच सांगितली पाहिजे, नाही तर वाचणाऱ्या बायका भीतीनेच अर्ध्या होतील. स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुणपणी बोटाखाली सरकणाऱ्या गोटीसारख्या गाठी होतात, अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात दूध साकळते, पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दडस लागते. परंतु कोणती गाठ कोणत्या जातीची हे घरी बसून सासूने, शेजारणीने वा धर्मगुरूने ठरवावयाचे नसते. गाठ लागली की दाखवावी. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत होणे, तीवर खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तमिश्रित पाणी येणे, एकाच स्तनाचा आकार बदलणे, काखेत गाठ येणे, ह्यांतील काहीही दिसले तरी दाखवावे. पुरुषांसही हा रोग क्वचित होतो, आणि ते तर बायकांहून अधिक लाजतात.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेला असाच एक प्रयोग केला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवडे शिकवून तयार केले, आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, केवळ हातांनी, स्तनांची तपासणी केली. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. तेव्हा मोठे यंत्र आपल्या गावी नाही म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा रोग हा गरीब घरांतील, लवकर लग्न झालेल्या, पुष्कळ बाळंतपणे झालेल्या बायकांचा म्हणून ओळखला जातो. त्याचे मूळ कारण एक विषाणू आहे. हे जर्मनीतील हॅराल्ड त्सूर हाउझेन ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले व त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणजे पकडण्यास अवधी भरपूर असतो. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी अंगावरून जाणे, ह्या खुणा आहेत. "वय झाले, असे व्हायचेच," असे म्हणून आमच्या आज्या हे सोसतात. पाळी कायमची गेल्यावर वर्षाने जर रक्ताचा एक थेंबही दिसला, तर तो डॉक्टरांना दाखविण्याचा विषय आहे, सोसण्याचा नव्हे.

ह्या बाबतीत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ह्या गावाचे नाव साऱ्या जगात झाले आहे. तेथील कर्करोग रुग्णालयात १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद करणारी माणसे गावोगाव हिंडत. हिंडता हिंडता ती गावकऱ्यांना खुणा समजावून सांगू लागली. एवढ्यानेच, कोणतीही सार्वत्रिक तपासणी न करता, काही वर्षांत लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर प्रयोग झाला. ज्या गटात विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा झाली, त्या गटात आठ वर्षांत ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली जगापुढे मांडले गेले. जोंधळा पिकविणाऱ्या आपल्यासारख्याच बायकांनी संकोच बाजूस ठेवला, त्याचे हे फळ. जेथे ती तपासणी मिळत नाही तेथे साध्या पातळ सिरक्याचा बोळा लावून एका मिनिटात संशयित जागा पांढरी झालेली पाहता येते. मुंबईत ह्या सिरक्याच्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१३ साली दिसून आले. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देण्याची लसही आता आहे, आणि पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळू लागली आहे. ज्यांच्या घरी ह्या वयाच्या मुली आहेत त्यांनी आरोग्यकेंद्रात चौकशी करावी.

बाकीच्या खुणा थोडक्यात सांगतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज. न जाणारा खोकला, त्यातून रक्त. येथे क्षयाची शंका प्रथम घ्यावी हे योग्यच, परंतु बेडक्यात जंतू सापडले नसताना महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या चालू असतील आणि उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा विचारावे. घास अडकणे, आधी भाकरीचा आणि मग भाताचाही. शौचावाटे रक्त, ज्याला सर्वजण न पाहताच मूळव्याध म्हणतात. कारणाविना झपाट्याने उतरलेले वजन. आकार वा रंग बदलणारा तीळ. लहान मुलांच्या बाबतीत एक विलक्षण खूण आहे: दिव्याच्या उजेडात किंवा फोटोत एका डोळ्याची बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकते. आईच्याच ते प्रथम ध्यानात येते, आणि घरातले लोक तिला वेड्यात काढतात. अशा आईचे ऐकावे व त्याच आठवड्यात नेत्रवैद्याकडे जावे. हा डोळ्यातील कर्करोग लवकर सापडला तर मूल वाचते, आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते.

आता, खुणा ठाऊक असूनही माणसे थांबतात, त्याचे काय? मला असे दिसते की अज्ञानाहून भीती मोठी आहे. "नाव निघाले तर संपलेच," म्हणून नावच निघू द्यावयाचे नाही. रोग सांसर्गिक आहे ह्या समजुतीने ताट-तांब्या वेगळा होईल, मुलीचे लग्न अडेल, ही धास्ती. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने अथवा शुश्रूषा केल्याने लागत नाही. दुसरी समजूत अशी की सुई टोचली, तुकडा काढला की रोग उधळतो. ही निराधार आहे. तुकडा तपासल्याशिवाय कोणताही जाणता डॉक्टर कर्करोगाचा उपचार सुरू करीत नाही, आणि जो तपासल्याशिवाय "हमखास बरा करतो" म्हणून पैसे मागतो, त्याच्या दारातून परतावे.

आणि नवसाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हे मी नाही तर कोण लिहिणार? वेळांकणीच्या मातेला नवस बोलून वर्ष काढणारी घरे मला ठाऊक आहेत. प्रार्थना अवश्य करावी; पण नोव्हेना नऊ दिवसांची असते, नऊ महिन्यांची नव्हे, आणि ती दवाखान्याच्या बाकावर बसूनही म्हणता येते. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्य व औषध ह्यांस किती मान देतो, हे घरच्या बायबलमध्ये उघडून पाहावे. आम्हा धर्मगुरूंस बोलावणे येते ते बहुधा अगदी अखेरीस, जणू रुग्णाभ्यंग म्हणजे मरणाचीच चिठ्ठी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बोलवा. आम्ही आनंदाने येऊ.

खर्चाची काळजी मात्र खरी आहे व तिला हसून चालणार नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातील उपचार मिळतो. २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ आहे. कर्नाटकात ती राज्याच्या योजनेशी जोडलेली आहे, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. आजार आल्यावर कार्ड काढावयास धावण्यापेक्षा घरातील सर्वांची कार्डे आजच काढून ठेवावी. कर्करोग्यास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वेभाड्यात सवलत मिळते. रुग्णालयाकडून त्याचा दाखला मागून घ्यावा. तीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांचे तोंड, आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयमुख तपासण्याची तरतूद सरकारी आरोग्यकेंद्रांत २०१६ पासून आहे. आशाताई दारी येऊन तंबाखूविषयी प्रश्न विचारते ते ह्याचसाठी. तिला खोटी उत्तरे देऊन वाटेस लावू नये.

कोठे जावे? प्रथम जवळच्या सरकारी वा ओळखीच्या डॉक्टरांकडे, आणि तेथून पुढे जेथे शस्त्रक्रिया, किरण व औषध हे तिन्ही उपचार होतात तेथे. बेळगावकडील लोक पूर्वीपासून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे त्यांचे पती सर दोराबजी ह्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. परंतु आता प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. बंगळूरला किडवाई, हैदराबादेस मेहदी नवाज जंग ह्यांच्या नावाची संस्था, अहमदाबादेस गुजरात कर्करोग संस्था, ग्वाल्हेरास कर्करोग रुग्णालय, गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. उपचार महिनोन् महिने चालावयाचा असतो. जे ठिकाण घराजवळ आहे तेथे तो पुरा होण्याचा संभव अधिक. अर्धवट सोडलेल्या उपचाराची उदाहरणे मी उशीरा गेलेल्यांइतकीच पाहिली आहेत. दोन औषधे चढली, गाठ विरघळल्यासारखी झाली, की पेरणी आली म्हणून मनुष्य घरी परततो, आणि पुन्हा जातो तो गाठ दुप्पट झाल्यावर.

ज्यांना उशीर झाला आहे त्यांनीही घरी पडून राहू नये. वेदना शमविण्याची चांगली औषधे आहेत. मॉर्फिनच्या गोळ्या मान्यताप्राप्त केंद्रांत मिळतात व डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतल्या तर व्यसन लागेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. "आता काही करण्यासारखे नाही" असे कोणी सांगितले, तर वेदनेचे काय करावयाचे, असे त्यालाच विचारावे.

जाताना घरातील एक लिहिता-वाचता येणारे माणूस सोबत न्यावे. आमच्याकडे रुग्ण मराठी, खिडकीवरचा माणूस कानडी आणि कागद इंग्रजी, अशी तिहेरी अडचण असते. गाठ केव्हा लागली, किती वाढली, आजवर कोणती औषधे घेतली, हे आधीच एका कागदावर लिहून काढावे. लेप लावला असेल तर तेही न लाजता सांगावे. गावात कोठे तुकडा तपासून झाला असेल तर नुसता निकालाचा कागद पुरत नाही. त्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणात बसविलेला ठोकळा प्रयोगशाळेतून मागून घ्यावा, कारण मोठी रुग्णालये ते स्वतः पुन्हा पाहतात व ते नसले तर तुकडा पुन्हा काढावा लागतो आणि आठ-पंधरा दिवस हकनाक जातात. काचपट्ट्या कागदात गुंडाळून घट्ट डबीत ठेवाव्यात. ठोकळा मेणाचा असल्याने उन्हात अगर मोटारीच्या काचेशी ठेवू नये, तो वितळतो.